मुंबईत नवं घर, नवी पॅरिश: मागच्या बाकावरून पुढे कसं यायचं

मुंबईत राहायला आलेलं मराठी कॅथलिक कुटुंब पहिल्याच रविवारी चर्च शोधून काढतं. घंटा ऐकू येते, वॉचमन सांगतो, मोबाइलच्या नकाशात सापडतं. पुढची दोन-चार वर्षं मात्र पुष्कळांची एकाच पद्धतीने जातात. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, यायचं, मागच्या बाकावर बसायचं, शेवटचा आशीर्वाद झाला की रिक्षा पकडायची. श्रीरामपूर, संगमनेर, जालना भागात ज्यांच्या घरी फादर हक्काने जेवायला येत, हरेगावच्या मतमाउली यात्रेत ज्यांची अख्खी घरं राबत, ती माणसं इथे कोणाच्या ओळखीची नसतात. वसईकडून आलेल्यांचंही तसंच होतं. तिकडे सगळी आळी एका धर्मग्रामातली, म्हणजे एकाच पॅरिशमधली, आणि इथे सात मजल्यांच्या इमारतीत ख्रिस्ती घरं दोन, तीही एकमेकांना ठाऊक नसलेली.

पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या परिसरातल्या कॅथलिक समाजात, आपण खरोखर सामील झालो की नाही, हे माझ्या मते दोन गोष्टींवरून कळतं. घराजवळच्या छोट्या ख्रिस्ती समूहात आपला चेहरा ओळखीचा आहे का, आणि पॅरिशचं एखादं ठरावीक काम आपल्या नावावर आहे का. या दोन्ही नसतील तर दहा वर्षं न चुकता मिस्साला येऊनही माणूस पाहुणाच राहतो. खालची सगळी पावलं तिथवर पोचण्यासाठी आहेत.

आधी आपली पॅरिश कोणती ते पक्कं करा

कॅथलिक पॅरिश साधारणपणे हद्दीवर चालते. तुमचं घर ज्या हद्दीत, ती तुमची पॅरिश. आवडतं चर्च कोणतं, कुठला गायनवृंद चांगला, कुठे गाडी लावायला जागा मिळते, यावर ते ठरत नाही. वांद्र्यात तर हा गोंधळ हमखास होतो. सेंट पीटर, सेंट अँड्र्यू, माउंट कार्मेल, सेंट अ‍ॅन, सेंट थेरेसा आणि माउंट मेरी इतकी जवळ जवळ आहेत की रस्त्याच्या या बाजूची इमारत एका पॅरिशमध्ये आणि समोरची दुसऱ्या पॅरिशमध्ये असू शकते. कोणत्याही एका चर्चच्या ऑफिसात जाऊन इमारतीचं नाव आणि रस्ता सांगा; आपल्या हद्दीबाहेरचे असाल तर ते योग्य ठिकाणी पाठवतात.

दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना या खास प्रार्थनेला जाणारे हजारो आहेत. 1948 साली सुरू झालेली ती प्रथा आजही तेवढ्याच गर्दीने चालू आहे. जरूर जा. पण बाळाचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), मुलांचं धर्मशिक्षण, लग्नाची घोषणा आणि घरातल्या आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर), हे सगळं राहत्या घराच्या पॅरिशमधून होतं. भक्तीचं चर्च आणि घरचं चर्च अशी दोन असायला काहीच हरकत नाही, घरचं सुटू नये एवढंच.

भाड्याने राहणाऱ्यांच्या मनात नेहमी एक शंका असते: आपण तर अकरा महिन्यांच्या करारावर, आपलं नाव कशाला कोण लिहून घेईल? 1983च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, याचं उत्तर स्वच्छ आहे. एखाद्या हद्दीत किमान तीन महिने राहायच्या इराद्याने आलात, किंवा प्रत्यक्षात तीन महिने राहिलात, तरी तुम्ही तिथल्या प्रमुख धर्मगुरूंच्या जबाबदारीत येता. मालकीचा फ्लॅट, रेशनकार्डावरचा पत्ता यांची अट नाही. पेइंग गेस्ट म्हणून अंधेरीत राहणारी नर्स आणि पुनर्विकासामुळे तात्पुरत्या घरात गेलेलं कुटुंब, दोघंही त्या पॅरिशचे आहेत.

आणखी एक बारकावा. अनेक पॅरिश मिळून बिशपांच्या हाताखाली एक धर्मप्रांत होतो. मुंबई महाधर्मप्रांतात मुंबईसोबत ठाणे आणि रायगडही येतात, पण वसईचा धर्मप्रांत 1998 साली वेगळा झाला. त्यामुळे मीरा रोड-भाईंदर सोडून खाडी ओलांडली आणि नायगावात घर घेतलं की नुसती पॅरिश बदलत नाही, धर्मप्रांतच बदलतो. कागदपत्रं मागवताना हे ठाऊक असलेलं बरं.

ऑफिसात नाव नोंदवा, आणि कागद पूर्ण करून ठेवा

यासाठी एक संध्याकाळ पुरते. चर्चच्या नोटीस बोर्डावर ऑफिसची वेळ लिहिलेली असते. रविवारी मिस्साच्या गर्दीत फादरांना गाठून "नाव लिहून घ्या" म्हणण्यापेक्षा आठवड्यात वेळ काढून जा. घरातल्या सगळ्यांचे स्नानसंस्काराचे दाखले, लग्नाचा दाखला, पत्त्याचा एखादा पुरावा आणि आधीच्या पॅरिशच्या फादरांचं पत्र बरोबर न्या. पत्र नसेल म्हणून थांबू नका; आधी जा, पत्र नंतर मागवता येतं.

स्नानसंस्काराच्या दाखल्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ऐन घाईच्या वेळी माणसं इथे अडतात. ज्या चर्चमध्ये तुमचा स्नानसंस्कार झाला, तिथलं रजिस्टर हीच तुमची मूळ नोंद. पुढे दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं, लग्न झालं, की त्याची खबर त्या चर्चला कळवली जाते आणि तुमच्या नावापुढे लिहिली जाते. म्हणूनच लग्नाच्या वेळी कपाटातला जुना पिवळा दाखला चालत नाही, नव्याने काढलेला मागतात. तुमची मूळ नोंद अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या मिशन केंद्रात असेल तर पत्रव्यवहाराला वेळ लागतो. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की घरातल्या सगळ्यांचे नवे दाखले काढून आणा आणि नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहा. वडिलांच्या नावात फरक असेल तर तिथल्या तिथे विचारा. लग्न ठरल्यावर ही धावपळ करणं फार जड जातं.

नोंद झाली की तुमचं कुटुंब कोणत्या समूहात येतं ते विचारा आणि तो समूह चालवणाऱ्या अ‍ॅनिमेटरचा नंबर घ्या. ऑफिसातून बाहेर पडताना हा नंबर तुमच्याकडे असलाच पाहिजे. खरा दरवाजा तो आहे.

छोटा ख्रिस्ती समूह: इथे थोडं थांबा

मुंबईत 1980च्या दशकापासून पॅरिशची विभागणी छोट्या छोट्या समूहांत होत आली. लोक त्याला एससीसी (स्मॉल ख्रिश्चन कम्युनिटी) म्हणतात, काही जण नुसतं 'कम्युनिटी'. दोन-चार इमारती, एखादी चाळ, गावठाणाची एक गल्ली, एवढा त्याचा आवाका. चर्चमध्ये एका मिस्साला शेकडो माणसं असतात. तिथे तुम्ही आला नाहीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. समूहात वीस-तीस घरं असतात आणि तिथे लक्षात येतं.

महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बैठक असते. बहुतेक ठिकाणी शुभवर्तमानाचा उतारा घेऊन सात टप्प्यांनी चिंतन होतं. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झाली आणि जगभर गेली. प्रभूला आपल्यात बोलावणारी छोटी प्रार्थना, उताऱ्याचं वाचन, मनाला भिडलेली ओळ प्रत्येकाने पुन्हा मोठ्याने म्हणणं, मग काही मिनिटं शांतता, मग ज्याला वाटेल त्याने मनातलं सांगणं, मग समूहाने या महिन्यात काय करायचं ते ठरवणं, आणि शेवटी प्रार्थना. तिसऱ्या टप्प्यावर नव्या माणसाला सहज भाग घेता येतो. भाषण करायचं नसतं, एक ओळ पुन्हा म्हणायची असते. तीही मराठी बायबलमधून म्हटली तरी चालते. शेजारच्या बाई कोंकणीत म्हणतील, समोरचे काका इंग्रजीत. कोणी अडवत नाही.

सहावा टप्पा सगळ्यात मोलाचा असूनही अनेक ठिकाणी घाईत उरकला जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात कोण नेणार, कोणाच्या मुलाची नोकरी गेली आहे, नव्या भाडेकरूंच्या घरी कोण जाऊन येणार, हे इथे ठरायला हवं. तुमच्या समूहात नुसती प्रार्थना होऊन चहा होत असेल, तर दोन-तीन बैठकांनंतर अ‍ॅनिमेटरला हळूच विचारा: "या महिन्यात आपण कोणाकडे जायचं?" असा प्रश्न विचारणारं एकच माणूस असलं तरी बैठकीचा रंग पालटतो.

पहिल्या बैठकीला जाताना काही नेऊ नका आणि फार उशिरा पोचू नका, एवढंच. बैठक आपल्या घरी घ्यायची पाळी आली की मात्र माणसं बिचकतात. खोली लहान, खुर्च्या कमी, एवढ्या माणसांना बसवायचं कुठे? चटई टाका. शेजाऱ्यांकडून दोन खुर्च्या आणा. चहा आणि बिस्किटं पुरेत. जिथे यजमान समोसे-केक ठेवतात तिथे पुढच्या घराला तेवढंच करावं लागतं आणि मग लोक घर द्यायचं टाळतात. साधेपणा जपलात तर तुमच्या मागच्या तीन कुटुंबांवर तुमचे उपकार होतील.

बैठकीपेक्षाही सोपी वाट वर्षभरात अनेकदा उघडते. गावठाणांत आणि जुन्या गल्ल्यांत जे कुरूस (रस्त्याकडेचे क्रूस) आहेत, त्यांच्यापुढे मे महिन्यात संध्याकाळी जपमाळ होते. ऑक्टोबरात जपमाळ घरोघर फिरते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, असते. ऑफिसातून येताना वाटेत थांबून जपमाळेचं एक दशक म्हणा, नाव सांगा, दोन माणसांची ओळख करून घ्या. पुढच्या बैठकीला तुम्ही अनोळखी राहणार नाही.

घरात पती किंवा पत्नी दुसऱ्या धर्माची असेल तरी समूहाच्या बैठकीला दोघांनी यावं. मुंबईत अशी कुटुंबं खूप आहेत. ख्रिस्तप्रसाद घेण्याचे नियम वेगळे आहेत आणि ते पाळायचे असतात, पण शेजाऱ्याच्या आजारपणात मदतीला धावायला कोणताही संस्कार लागत नाही. अनेक समूहांत सगळ्यात आधी डबा पोचवणारी सून ख्रिस्ती घरात जन्मलेली नसते.

पुरुषांना एक विनंती. समूहाचा बहुतेक भार बायकांच्या खांद्यावर आहे. पुरुष चर्चच्या सणाला मांडव बांधायला येतात आणि बैठकीच्या वेळी खाली इमारतीच्या गेटपाशी उभे राहतात. वर या. तुमची मुलं पाहत असतात.

एक काम घ्या, आणि वर्षभर सोडू नका

नोंदणी झाली, समूहात दोन-चार चेहरे ओळखीचे झाले, की एखादं काम मागून घ्या. एकच. उत्साहाच्या भरात गायनवृंद, युवा गट आणि संडे स्कूल तिन्हींना होकार देणारा माणूस पावसाळा संपेपर्यंत तिन्हींतून बाहेर पडतो, आणि मग चर्चमध्ये तोंड चुकवत फिरतो. एक काम वर्षभर नीट केलं की लोक स्वतःहून दुसरं सोपवतात.

कोणतं घ्यायचं हे तुमच्या वेळेवर ठरवा. सकाळी साताची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्याने आठवड्याच्या मधल्या कोणत्याही सरावाला हो म्हणू नये. त्याच्यासाठी रविवारची कामं आहेत: दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवणं, दानाची थैली फिरवणं, मिस्सानंतर इतर दोघा-तिघांसोबत पैसे मोजून लिहून ठेवणं. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण त्यात विश्वास लागतो आणि महिन्याभरात पुढच्या बाकांवरच्या सगळ्यांची तोंडओळख होते. रविवारी ड्यूटी असणाऱ्या नर्सेस, बेस्टचे कर्मचारी, हॉटेलात काम करणारे यांनी लक्षात ठेवावं की शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या मिस्साच्या जागी धरली जाते. वाचक आणि सेवक तिथेही लागतात, आणि त्या मिस्साला माणसं मिळवताना ऑफिसची बरीच दमछाक होते.

वाचकाचं काम ज्यांना आवडेल त्यांनी जरूर घ्यावं, फक्त तयारीशिवाय उभं राहू नये. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात, त्यामुळे कोणत्या रविवारी काय आहे हे आधीच कळतं. पाळी आली की गुरुवारपर्यंत उतारा घरी मोठ्याने तीनदा वाचा. मलकीसदेक, थेस्सलनीका, नबुखद्नेस्सर अशी नावं जिभेला बसवा. इंग्रजी मिस्सात वाचायचं असेल तर आधी तोच उतारा मराठी बायबलमधून वाचून अर्थ लावा. अर्थ कळलेल्या माणसाचा आवाज आपोआप थांबायच्या जागी थांबतो. लाल अक्षरांतल्या सूचना वाचायच्या नसतात. मिस्साच्या पंधरा मिनिटं आधी पोचून माइकची उंची बघा आणि पुस्तकात पान कुठलं आहे ते स्वतः तपासा. फादर ते करतील असं धरून चालू नका.

माणसांत रमणाऱ्यांसाठी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली, आणि आजही तिची रीत तीच आहे: गरजू माणसाच्या घरी जाऊन भेटायचं. किराणा, शाळेची फी, औषधं ही मदत त्या भेटीतून ठरते. कोणाला किती दिलं याचा बाहेर उच्चार करायचा नसतो. वस्तीत वाढलेल्या, परिस्थिती अनुभवलेल्या मराठी माणसांची या कामात फार गरज आहे. सिद्धार्थनगर किंवा एखाद्या ट्रान्झिट कॅम्पातल्या बाईशी तिच्या भाषेत बोलणारं कोणी आलं की ती पाच मिनिटांत मोकळी होते. प्रार्थनेकडे ओढा असेल तर 1921 साली डब्लिनमध्ये सुरू झालेली लिजन ऑफ मेरी पाहा. तिथे दर आठवड्याला बैठक आणि ठरवून दिलेली भेट असते, त्यामुळे शिस्त लागते.

धर्मशिक्षणाचे वर्ग घ्यायला माणसं कायम कमी पडतात. शिक्षक असणं जरुरी नाही. पहिल्या वर्षी कोणाच्या तरी हाताखाली मदतनीस म्हणून बसा. मुलांबरोबर काम करताना पॅरिशचे सुरक्षिततेचे नियम असतात ते वाचून घ्या. दार उघडं ठेवणं, कोणत्याही मुलाला एकट्याने घेऊन न बसणं, त्यांच्या पालकांना कळवल्याशिवाय कुठे न नेणं. नियम जाचक वाटले तरी पाळा. मुलांसाठी आहेत आणि तुमच्यासाठीही आहेत. तुमच्या स्वतःच्या मुलांना वेदीसेवक (मिस्सात फादरांना मदत करणारी मुलं) म्हणून पाठवायचं असेल तर मुलींनाही पाठवा. 1994 साली व्हॅटिकनने ती वाट मोकळी केली आहे.

ख्रिस्तप्रसाद वाटण्याची सेवा पहिल्या वर्षी मागू नका. त्यासाठी नेमणूक आणि प्रशिक्षण असतं आणि लोकांना तुम्ही ठाऊक असावे लागता. घरोघर आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या सेवकाबरोबर एखाद्या रविवारी जाऊन मात्र पाहा. पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, आठवडाभर ज्यांची कोणी दखल घेतलेली नसते अशी माणसं दार उघडायची वाट पाहत असतात.

गर्दीचे दिवस

वर्षातले काही दिवस असे असतात की पॅरिशला हात कमी पडतात. नव्या माणसाला आत शिरायला याहून चांगली संधी नाही. गुड फ्रायडेला चर्चबाहेर मांडव टाकून लोक बसतात. खुर्च्या लावायला, म्हाताऱ्यांना सावलीत बसवायला, पाणी द्यायला कोणीही चालतं. पवित्र गुरुवारी रात्री एकेका समूहाला आराधनेचा तास वाटून दिलेला असतो. आपला तास कोणता ते विचारून ठेवा, शेजाऱ्यांबरोबर जा. पॅरिशच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना असते. 15 ऑगस्टला स्वर्गोन्नयनाची मिस्सा आणि मग चर्चच्या आवारात झेंडावंदन. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे ख्रिस्ती) घरांचा आगेरा हा सुगीचा सण, मग नाताळचे गोठे. अशा दिवशी शर्टाच्या बाह्या दुमडून उभ्या असलेल्या माणसाला "तुम्ही कुठले?" असं कोणीतरी विचारतंच.

भाषेचा प्रश्न

मुंबईच्या बहुतेक पॅरिशमध्ये मुख्य मिस्सा इंग्रजीत असते आणि सूचनाही. मराठी माणूस मागच्या बाकावर राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही. इंग्रजी अडखळतं म्हणून आपली श्रद्धा उणी ठरत नाही. या शहरातली जुनी ख्रिस्ती माणसं मराठीच बोलत आली. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, उत्तन इथल्या कोळ्यांचं आणि गावठाणांतल्या ईस्ट इंडियनांचं बोलणं ऐका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत मिस्सा होऊ लागली, ती लोकांना कळावी म्हणूनच.

आपल्या पॅरिशमध्ये मराठी मिस्सा आहे का, किती वाजता, हे आधी विचारा. नसेल तर मागा, पण नुसता अर्ज देऊन मोकळे होऊ नका. प्रमुख धर्मगुरूंपुढे तीन प्रश्न असतात: किती माणसं येतील, गाणार कोण, वाचणार कोण. त्या तिन्हींची उत्तरं घेऊन जा. समूहासमूहांतून मराठी कुटुंबांची यादी करा, चार गाणारी माणसं आणि एक पेटी-ढोलकीवाला शोधा, चार वाचक पक्के करा. दर रविवारची मागणी करू नका. महिन्यातून एक मागा. पहिल्या तीन महिन्यांत बाक भरलेले दिसले की पुढचं बोलणं सोपं जातं. आणि ती मिस्सा मिळाल्यावर मराठी माणसांनी बाकीच्या पॅरिशपासून वेगळं पडू नये. पॅरिशच्या सणाला, समूहाच्या बैठकीला, इंग्रजी मिस्साच्या वाचनालाही उभं राहावं. वेगळी चूल मांडली की पुन्हा आपण पाहुणेच.

समूहाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मराठीतून लिहायला सुरुवात करा. "आज जपमाळ साडेसातला, दुसरा मजला." एवढं लिहिलं तरी कडेला बसलेली दोन कुटुंबं उत्तर देतात.

पैसे आणि समित्या

मासिक वर्गणीचा लिफाफा मिळेल. ऐपतीप्रमाणे द्या, नियमाने द्या. ख्रिस्तसभेच्या गरजांना हातभार लावणं हे प्रत्येकाचं कर्तव्य मानलेलं आहे. परिस्थिती नसेल तर संकोच करू नका. पैशाअभावी कोणाचा संस्कार अडता कामा नये, हेही चर्चच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. लिफाफे थकले म्हणून चर्चला यायचं थांबवणारी माणसं आहेत; त्यांनी सरळ फादरांशी बोलावं.

पॅरिशची एक आर्थिक समिती असते, ती चर्चच्या कायद्याने सक्तीची आहे. पास्टरल कौन्सिल या सल्लागार मंडळात समूहांचे आणि गटांचे प्रतिनिधी बसतात. कौन्सिल सल्ला देते, निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा. हे आधी समजून घेतलं की पुढचा मनस्ताप वाचतो. तुमची सूचना कौन्सिलपर्यंत न्यायची असेल तर आपल्या समूहाच्या प्रतिनिधीला सांगा, आणि शक्यतो सूचनेबरोबर ती पार पाडणारी दोन नावंही द्या.

फादरांची दर काही वर्षांनी बदली होते. एखाद्या फादरांवर जीव जडतो आणि ते गेले की माणसं यायची बंद होतात, असं फार पाहिलं आहे. फादरांवर प्रेम करा. नातं मात्र शेजाऱ्यांशी आणि कामाशी बांधा.

आता जुन्या मंडळींसाठी

हे वाचणाऱ्यांत अ‍ॅनिमेटर असतील, गटांचे प्रमुख असतील. तुमच्यापैकी अनेकांची तक्रार असते की नवे लोक पुढे येत नाहीत. मिस्साच्या शेवटी होणाऱ्या घोषणेला उत्तर म्हणून कोणी फारसं येत नाही, हे खरं आहे. "इच्छुकांनी ऑफिसात नावं द्यावीत" हे वाक्य सगळ्यांना उद्देशून असतं, म्हणून कोणालाच लागू होत नाही. नावाने विचारा, आणि नेमकं विचारा: "येत्या रविवारी साडेसातच्या मिस्साला दुसरं वाचन कराल का? मी बाजूला उभा असेन." कामाला शेवटही द्या. "नाताळपर्यंत बघा, नंतर ठरवू" म्हटलं की होकार देणं सोपं होतं. आयुष्यभराचं ओझं कोणी उचलत नाही.

नवं कुटुंब आल्याचं कळलं की पहिल्या पंधरवड्यात दोघांनी मिळून घरी जा. कागदावर मिस्साच्या वेळा, ऑफिसची वेळ, मराठी मिस्सा कुठे असते ते आणि तुमचा नंबर लिहून न्या. पहिल्या भेटीत वर्गणीचा विषय काढू नका. मुलं कितवीत आहेत, घरात कोणी आजारी आहे का, गाव कोणतं, एवढं ऐकून या. आणि पुढच्या रविवारी त्यांना चर्चच्या दाराशी भेटून तुमच्या बाकावर घेऊन बसा, कारण पहिल्या दिवशी एकट्याने पुढे जायला कोणालाच जमत नाही.

होकार आला तर पहिल्या दोन वेळा सोबत थांबा. चावी कुठे असते, पुस्तक कुठे, चुकलं तर कोणाला विचारायचं, हे दाखवा. काम नवं माणूस तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने करेल, करू द्या. नकार आला तर नाव यादीतून खोडू नका. चार-सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. मुलीची दहावी संपलेली असते, रात्रपाळी सुटलेली असते, सासूबाईंचं आजारपण निवळलेलं असतं, आणि "हो, आता जमेल" असं उत्तर येतं.